नापोलीचा नाताळ : गव्हाणीची गल्ली, मूर्तींची मापं, स्त्रुफोली आणि तोम्बोला

आंबेमोहर

डिसेंबरात इटलीला जाणारे बरेच जण नाताळबाजारासाठी उत्तरेला, बोल्झानोच्या लाकडी टपऱ्यांकडे वळतात. नापोलीत, म्हणजे नेपल्समध्ये, तसा बाजार शोधत फिरलात तर चुकाल. तिथला नाताळ घराघरांत मांडल्या जाणाऱ्या गव्हाणीभोवती, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याभोवती फिरतो. तिला म्हणायचं प्रेसेपे, आणि मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही गव्हाणच. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी जिवंत गव्हाण मांडली, तिथून ही प्रथा धरतात. नापोलीने अठराव्या शतकात तिचं अख्खं शहर करून टाकलं. येशूजन्माच्या आजूबाजूला खाटीक, पाववाला, खानावळ, धोबीण, भिकारी, सगळं नापोलीच.

या गव्हाणीचं सामान मिळतं ती गल्ली म्हणजे व्हिया सान ग्रेगोरियो आर्मेनो. खालची स्पाक्कानापोली आणि वरची व्हिया देई त्रिबुनाली या दोन समांतर रस्त्यांना जोडणारी ही चिंचोळी वाट. मध्ये वर मान केलीत की रस्त्यावरूनच कमान टाकून उभा असलेला चर्चचा घंटाघराचा मनोरा दिसतो. कारागिरांची दुकानं वर्षभर उघडी असतात, पण रस्त्यावरची मांडणी नोव्हेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत.

कधी जायचं? नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा डिसेंबरातला कुठलाही मंगळवार-बुधवार, सकाळी साडेनऊ-दहाला. ८ डिसेंबर हा निष्कलंक मातेचा सण, सार्वजनिक सुट्टी, आणि याच दिवशी घरोघरी गव्हाण मांडायला घेतात. त्यामुळे ८ तारखेच्या मागचा-पुढचा शनिवार-रविवार टाळाच. गर्दी वाढली की पोलीस गल्ली पायी चालणाऱ्यांसाठीही एकदिशा करतात. मग मागच्या दुकानातली वस्तू आठवली तर मोठा वळसा घालून पुन्हा रांगेत लागावं लागतं. तेव्हा पहिली फेरी फक्त बघायची, दुकानाचा क्रमांक टिपायचा आणि खरेदी दुसऱ्या फेरीत.

जवळचं मेट्रो स्थानक लाइन १ वरचं दुओमो. दान्तेपासूनही पायी जाता येतं. पिशवी पोटाशी धरा.

तिरफळ

मूर्ती घेताना काय बघायचं? सगळ्या दुकानांत एकसारख्याच दिसतात आणि किमतीत मात्र खूप फरक असतो.

हेमाडपंती

एकसारख्या नसतात. मूर्ती उलटी करून तळ बघा. भाजलेल्या मातीची असेल तर न रंगवलेला विटकरी तळ दिसतो आणि नखाने टिचकी मारली की कोरडा टणटणीत आवाज येतो. रेझिनची असेल तर आवाज बद्द येतो, शिवाय कानामागून खांद्यावर उतरणारी साच्याची शिवण बोटाला लागते. प्लास्टरची असेल तर कुठेतरी टवका उडालेला असतोच, आत पांढरं दिसतं. हाताने केलेल्या मूर्तीची बोटं सुटी असतात, साच्याच्या मूर्तीचा पंजा मिठाईसारखा एक गोळा.

यापुढचा प्रकार म्हणजे कपडे घातलेल्या मूर्ती, अठराव्या शतकाच्या घडणीच्या. डोकं भाजलेल्या मातीचं आणि डोळे काचेचे, आतून बसवलेले. हातपाय लाकडाचे किंवा मातीचे. धड म्हणजे लोखंडी तार आणि तिच्यावर गुंडाळलेला तागासारखा काथ्या. या धडामुळेच मूर्तीला हवी तशी वळवता येते. जुन्या मूर्तींची उंची साधारण ३५ ते ४० सेंमी आणि अंगावर काझेर्ताजवळच्या सान लेउचोचं रेशीम. आज तशीच घडण लहान मापातही मिळते. एकच जपायचं: हात वाकवायचा तो कोपरातून, मनगटातून नाही. तार मातीच्या मनगटात रुतवलेली असते, तिथे जोर आला की तडा जातो, आणि तो तडा रंगाखाली असल्याने आठवडाभराने कळतो.

विकत घेण्यापूर्वी एकदा सान मार्तीनोच्या संग्रहालयात जा. संग्राहक कुचिनिएल्लो यांनी १८७९ मध्ये दिलेली भव्य गव्हाण तिथे आहे. मोन्तेसान्तोहून फ्युनिक्युलरने, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने, मोर्गेनला उतरायचं, पुढे थोडं चालणं. बुधवारी बंद असतं. ती बघून गल्लीत उतरलात की नजर आपोआप तयार होते.

गावठाण

मापाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. दिवाळीतला किल्ला आठवा. बुरुजापेक्षा मावळा मोठा, दरवाज्यातून शिवाजीमहाराज आत जाऊच शकत नाहीत. मुलांच्या किल्ल्यात ते गोड दिसतं. इथे मात्र सगळा देखावा खोटा वाटायला लागतो.

मूर्ती ४, ६, ८, १०, १२, १५ सेंमी अशा मापांत मिळतात. हे माप उभ्या माणसाचं. गुडघे टेकलेली मारिया १० च्या संचातली असली तरी पट्टीने ७ च्या आसपास भरेल. ती छोटी वाटते म्हणून १२ ची घेऊ नका. ती शेजारच्या उभ्या योसेफपेक्षा राक्षसीण दिसेल.

६० बाय ४० सेंमीच्या फळीवर पुढे १०, मध्ये ८ आणि मागे उंचावर ६ अशी उतरंड ठेवा. मागची माणसं लहान ठेवली की ४० सेंमीत दरी दिसते. सगळीकडे एकच माप ठेवलंत तर मंडळी रांगेत उभी राहिल्यासारखी दिसतात. घराचं दार मूर्तीच्या उंचीपेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त, म्हणजे १० च्या मूर्तीला १२ सेंमी. टोपल्या, पाव, कलिंगडं वेगळी विकत मिळतात. त्या घेताना मूर्ती खिशात ठेवा आणि तिच्या हातात धरून बघा. कलिंगड डोक्यापेक्षा थोडंच मोठं असतं, धडाएवढं नाही. इथे सगळ्यांचं चुकतं, कारण टोपली सुटी पाहिली की गोंडस वाटते.

पाणचक्की

गावठाण यांच्या प्रतिसादाला जोडून, कोण कुठे बसतो तेही लिहिते. ही जागा ठरलेली असते.

सगळ्यात वर बेनीनो, झोपलेला मेंढपाळ. गव्हाणीतलं सगळं त्याचं स्वप्न आहे, त्याला उठवलं तर देखावा विरून जाईल असं मानतात. म्हणून त्याच्या शेजारी आवाज करणारी माणसं ठेवत नाहीत. तिथून वाट खाली उतरत गुहेपर्यंत येते. वाटेवर दारूच्या पिंपांच्या गाडीवर चिचीबाक्को, पुलाखाली कोळी, वर शिकारी, विहिरीवर बाई. पत्ते खेळणारे दोन म्हातारे, व्हिचेन्झो आणि पास्क्वाले, ते कार्निव्हल आणि मृत्यू. अंगावर बाळ गुंडाळल्यासारखं घेऊन निघालेली मुलगी म्हणजे स्तेफानिया. अविवाहित मुलींना बाळाच्या दर्शनाला जाऊ देत नव्हते, म्हणून तिने दगड कापडात गुंडाळून नेला. मारियासमोर तो दगड शिंकला आणि त्याचं मूल झालं, तेच संत स्तेफान. त्यांचा सण २६ डिसेंबर.

विक्रेते बारा, प्रत्येक महिन्याचा एक. जानेवारीचा खाटीक, फेब्रुवारीचा रिकोटावाला, मार्चला कोंबड्या, एप्रिलला अंडी, मेमध्ये चेरी, जूनला पाव, जुलैला टोमॅटो, ऑगस्टला कलिंगड, सप्टेंबरला अंजीर, ऑक्टोबरला दारू, नोव्हेंबरला चेस्टनट, डिसेंबरला मासे. पैसे मोजके असतील तर पहिल्या वर्षी पवित्र कुटुंब, बैल, गाढव, बेनीनो आणि एक-दोन विक्रेते एवढंच घ्या. दरवर्षी एक-दोन वाढवायची हीच तिथली रीत आहे.

बाळ २४ च्या मध्यरात्रीपर्यंत गुहेत ठेवायचं नाही, गव्हाण रिकामी दिसली पाहिजे. तीन राजे दूर कोपऱ्यातून रोज थोडे पुढे सरकवायचे, ६ जानेवारीला पोचतील असे.

तिरफळ

हे फार आवडलं. दगड, गुहा वगैरे तिथूनच आणायचं का? आणि शेवाळ?

गावठाण

शेवाळ अजिबात नाही. ओली वनस्पती भारतात आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि दुकानदार ते देत नाही. गोव्यात गोठ्यासाठी नाचणी रुजवून हिरवळ करतात, आपल्याकडे किल्ल्यावर हळीव किंवा मोहरी पेरतात, तेच इथे करा. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी, उथळ ताटलीत, बारीक मातीत. ताटली फळीत बसवायला आधीच खाच ठेवा. ओली माती थेट प्लायवर टाकलीत तर प्लाय फुगतो.

गुहेसाठी बूचाच्या झाडाची साल वापरतात, तिथलं नाव सुगेरो. वजन नगण्य पण जागा खाते, त्यामुळे दोन-तीन वेडेवाकडे मोठे तुकडे घ्या, भुगा आणि चौकोन आपल्याकडच्या क्राफ्टच्या दुकानात मिळतात. आणखी जागा भरायला नारळाची सोडणं चालतात, रंग दिल्यावर ओळखू येत नाहीत.

बांधणी अशी. ८ ते १० मिमीचा प्लाय, खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकून. पट्ट्या नसतील तर वरच्या ओल्या डिंकाने फळी वाकते आणि डगमगते. लाकडी ठोकळे किंवा जाड पुठ्ठ्याने तीन पातळ्या उभ्या करायच्या. साल ब्रशने नीट झटकायची, बूचावर धूळ असते आणि गरम बंदुकीचा (ग्लू गनचा) डिंक त्या धुळीलाच चिकटतो, सालीला नाही. बंदुकीने फक्त जागच्या जागी अडकवायचं, खरा सांधा फेविकॉलचा, रात्रभर दाबून ठेवलेला. हे मुद्दाम सांगतोय, कारण गव्हाण मे महिन्यात माळ्यावर असते आणि तिथल्या उकाड्यात बंदुकीचा डिंक सैल पडून गुहेचं छत खाली बसतं.

दोन सालींमधल्या फटी दिसू नयेत म्हणून फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात वर्तमानपत्राचे कपटे भिजवायचे आणि फटीत चुरगाळून बसवायचे. वाळल्यावर सगळ्यावर गडद तपकिरी हात. तो पूर्ण वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी आणि पिवळसर रंग फक्त उंचवट्यांवर ओढायचा. चकचकीत रंग वापरू नका, दिव्याखाली दगड प्लास्टिकचा दिसतो.

हेमाडपंती

एका मुद्द्यावर असहमत. सोडणांवर रंग टिकतो खरा, पण त्यांत कसर लवकर लागते. वापरायचीच तर दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच.

आणि दिवे-पाणी राहिलं. तिथल्या दुकानांत कारंज्याचे छोटे पंप मिळतात. वीज दोन्हीकडे सारखीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त तिथली दोन बारीक दांड्यांची पिन आपल्या सॉकेटमध्ये सैल बसते आणि ठिणग्या उडतात, म्हणून चांगला अॅडॉप्टर हवाच. पंप पूर्ण पाण्यात बुडलेला हवा. पाणी रोज आटतं, पातळी घसरली की पंप घरघरतो आणि जळतो. नळाच्या पाण्याने क्षार चढून पंपाचं तोंड बुजतं, उकळून गार केलेलं घाला. पाण्याची वाटी प्लास्टिकची, कडा वर आलेली, साल पाण्याला टेकता कामा नये. साल वातीसारखं पाणी वर ओढते आणि चार दिवसांत तळाला बुरशी येते.

दिवे पिवळसर एलईडी, २७०० ते ३००० केल्व्हिनचे, घराच्या आत आणि बघणाऱ्याकडे पाठ करून. खिडकीला आतून बटर पेपर चिकटवा, मग दिवा दिसत नाही, फक्त उजेड दिसतो.

तिरफळ

मूर्ती विमानातून न्यायच्या तर?

हेमाडपंती

हातातल्या बॅगेत. आधी मऊ टिश्यू कागदाची बारीक गुंडाळी करून हात, बोटं आणि पाय यांच्यामधल्या पोकळ्या भरायच्या, मग अख्खी मूर्ती कागदात, आणि त्यावर फुग्यांचं प्लास्टिक. फुग्यांचं प्लास्टिक थेट रंगावर गुंडाळलं तर वार्निशवर गोल ठसे उठतात आणि ते जात नाहीत. टोपल्या, काठ्या वेगळ्या काढून काडेपेटीसारख्या डबीत.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना एका दुकानात ७० युरोंपेक्षा जास्त खरेदीवर कर परत मिळतो, ही मर्यादा फेब्रुवारी २०२४ पासून खाली आली आहे. दुकानदाराकडून त्याचा कागद मागून घ्यायचा. विमानतळावर मूर्ती दाखवायला लागू शकतात, तेव्हा शिक्का मिळेपर्यंत त्या सामानात देऊ नका.

आंबेमोहर

आता खाण्याकडे येऊ. २४ च्या रात्री तिथे मांस नसतं, सगळं मासळीवर चालतं. शिंपल्यांची स्पगेटी, तळलेला बाक्काला म्हणजे खारवलेला कॉड, आणि कापितोने, मोठी मादी वाम. २३ च्या रात्री पोर्ता नोलानाच्या मासळीबाजारात रात्रभर खरेदी चालते. बघण्यासारखं आहे, फक्त वाट ओली आणि निसरडी असते, जाड तळव्याचे बूट घाला.

इन्सालाता दी रिन्फोर्झो हे प्रकरण वेगळं. उकडलेला फ्लॉवर, व्हिनेगरमधल्या गोल गोड मिरच्या, ऑलिव्ह, लोणच्याच्या काकड्या, अँचोव्ही. रिन्फोर्झो म्हणजे भर. संपत आलं की त्यातच नवं घालून भर टाकत राहायचं, ते थेट नवीन वर्षापर्यंत. फ्लॉवर कचकचीत असतानाच उतरवतात, नाहीतर व्हिनेगरमध्ये दुसऱ्या दिवशी त्याचा लगदा होतो.

पाणचक्की

शाकाहारींसाठी: पिझ्झा दी स्कारोला म्हणजे एस्कारोल पालेभाजी, ऑलिव्ह, केपर, मनुका भरलेली बंद पोळी. दिसायला शाकाहारी, पण आत अँचोव्ही असते. "सेन्झा आलीची?" असं विचारून घ्या. गोड पदार्थांत डुकराची चरबी असू शकते, तिला सुन्या किंवा स्त्रुत्तो म्हणतात. "चे ला सुन्या?" एवढं विचारलं तरी पुरतं. मुस्ताच्चोली, म्हणजे चॉकलेटने मढवलेली शंकरपाळ्याच्या आकाराची बिस्किटं, सहसा मध, पीठ आणि मसाल्याची असतात. रोकोको या बदामाच्या कडक चकल्या, वरून अंड्याचा हात. त्या दाताने फोडायच्या नसतात, गोड दारूत बुडवून मऊ करून खायच्या. दोन्हींत पिस्तो नावाचा मसाला असतो: दालचिनी, लवंग, धणे, जायफळ, चक्रीफूल. आपल्याला तो लगेच ओळखीचा वाटतो.

स्त्रुफोली मात्र घरी करून बघा. वसईकडच्या आणि गोव्याच्या कुलकुल्यांच्या जवळचं आहे, फरक मधाचा. मैदा ५०० ग्रॅम, अंडी ४, वितळलेलं लोणी किंवा तूप ८० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, चिमूटभर मीठ, एका संत्र्याची आणि एका लिंबाची किसलेली साल, बडीशेपेच्या स्वादाची दारू एक मोठा चमचा. पीठ मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. एक सेंमी जाडीच्या वळ्या, त्यांचे एक-एक सेंमीचे तुकडे. तळल्यावर ते फुगतात, म्हणून मोठे कापू नका. मोठा गोळा बाहेरून लाल आणि आत कच्चा राहतो. चिकटू नये म्हणून मैदा भुरभुरावा लागतो, पण तळण्याआधी सगळे तुकडे चाळणीत घालून झटकायचे. तो सुटा मैदाच तेलात जळतो, फेस येतो आणि तिसऱ्या घाण्यापासून सगळं कडवट लागतं. तेल १७० अंशांच्या आसपास. थोडे थोडे घाला, एकदम खूप घातले तर तेल थंड पडतं.

मध ३०० ते ३५० ग्रॅम, मंद आचेवर पातळ होईपर्यंतच. फेस वर यायला लागला की लगेच खाली. उकळत ठेवला तर गार झाल्यावर चिक्कीसारखा कडक होतो आणि स्त्रुफोली ताटातून सुटतच नाहीत. गोळे त्यात घोळवायचे, पाच-सात मिनिटं कोमट होऊ द्यायचे, मग ताटात मध्ये पेला उभा करून ओल्या हातांनी भोवती कडं रचायचं. वरून बारीक रंगीत साखरगोळ्या आणि मुरवलेल्या फळांचे तुकडे. गोळ्या मध गरम असताना घातल्या तर रंग पाझरतो. दुसऱ्या दिवशी चव जास्त चांगली लागते.

गावठाण

जेवणानंतर तोम्बोला. आपण लग्नाच्या हॉलमध्ये खेळतो तो तंबोला हाच: ९० आकडे, तिकिटावर तीन ओळी, १५ आकडे. सांगतात असं की १७३४ मध्ये राजा कार्लोचा आणि पाद्री रोक्को यांचा लॉटरीवरून वाद झाला. नाताळच्या आठवड्यात लॉटरी बंद ठेवायचं ठरलं आणि लोकांनी ती घरात आणली.

आकडे पानारिएल्लो नावाच्या बारक्या टोपलीतून काढतात. आकडा नुसता बोलत नाहीत, त्याचं स्मोर्फियातलं, म्हणजे आकड्यांना अर्थ देणाऱ्या नापोलीच्या स्वप्नयादीतलं, नाव घेतात: २५ नाताळ, ३३ ख्रिस्ताचं वय, २२ वेडा, ५० पाव, ४८ बोलणारा मृत, ९० भीती. बक्षिसं आपल्यापेक्षा वेगळी: एका ओळीत दोन जमले की अम्बो, तीन तेर्नो, चार क्वातेर्ना, पाच चिन्क्वीना, आणि पंधराही जमले की तोम्बोला. तिकिटावर खुणेला वाल किंवा संत्र्याच्या सालीचे तुकडे. पेन वापरत नाहीत, कारण पुठ्ठ्याची तिकिटं वर्षानुवर्षं तीच. संच विकत घेताना ९० सोंगट्या मोजून घ्या, एक कमी असली तर खेळ अडतो.

आंबेमोहर

शेवटचं, तारखा. १६ डिसेंबरला दुओमोत, म्हणजे मुख्य चर्चमध्ये, शहराचे रक्षक संत सान जेन्नारो यांच्या जपून ठेवलेल्या रक्ताचा विधी असतो, १६३१ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाची आठवण म्हणून. त्याच दिवसापासून २४ पर्यंत नाताळची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, तेव्हा झाम्पोन्यारी, म्हणजे कातडी पिशवीचं वाद्य वाजवणारे डोंगराकडचे लोक, जुन्या भागात दिसतात. थांबून ऐकलंत तर पैसे टाकायची पद्धत आहे, सुटी नाणी जवळ ठेवा.

२४ ला दुपारनंतर दुकानं मिटायला लागतात, संध्याकाळी बस-मेट्रो लवकर बंद होतात आणि २५ ला फार कमी धावतात. २४ चं रात्रीचं जेवण आधी सांगून ठेवलं नसेल तर उपाशी राहायची वेळ येते. २६ लाही सुट्टी. ३१ ला रात्री साडेअकरा ते एक या वेळात गल्ल्यांमध्ये फिरू नका, बाल्कनीतून फटाके खाली येतात.

नशिबासाठी बाळगायचं लाल शिंग, कोर्निचेल्लो, स्वतःसाठी घेत नाहीत, दुसऱ्याने द्यायचं असतं. दोघे असाल तर एकमेकांसाठी घ्या.

तिरफळ

पाणचक्की, २४ ऐवजी अठरा-वीस तारखेला स्त्रुफोली केल्या तर नाताळपर्यंत टिकतील?

पाणचक्की

टिकतील. तळून, पूर्ण गार करून हवाबंद डब्यात कोरड्या ठेवा. मध २३ ला लावा.